कर्दळीची चार मडकी

नवरोजच्या पहिल्या दिवशी, पाहुणे यायला तासभर उरला असताना, कर्दळ गेल्याचं घरात कळलं.

फिरोजे पहाटेच्या बसने कझवीनहून आली होती. आई गेल्यानंतरची ही पहिली नवरोजची ईद, आणि अशा ईदला गाव सांत्वनाला घरी येतं. नवऱ्याला आणि मुलींना मागे ठेवून ती एकटीच आली. चहाचा पेला अर्धा झाला नसेल, तोच म्हणाली, "बाबा, आईनं मला कर्दळीचे दोन गड्डे कबूल केले होते. आत्ताच काढून ठेवू या. एकदा माणसं यायला लागली की राहूनच जाईल."

"चल," उस्ता सफरअली म्हणाला आणि भिंतीला धरून उठला.

काल अख्खा दिवस तो तळघरात उतरला नव्हता. त्याची बायको मुलूक गेल्यापासून साडेतीन महिन्यांत असा एकही दिवस गेला नव्हता. पण काल पायऱ्या धुतल्या होत्या, त्यांवर पाणी गोठलं होतं, आणि त्याच्या थोरल्या बहिणीने, ताजने, त्याला दारातच अडवलं होतं. "उतरू नकोस. या वयात कंबर मोडून घेतलीस तर तुला उचलणार कोण?" त्याने ऐकलं होतं.

आज पायऱ्या सुकल्या होत्या. खाली गेल्यावर फिरोजेने दिवा लावला. उत्तरेचा कोपरा मोकळा होता, आणि धुऊन पुसून स्वच्छ केलेला.

तिथे चार मडकी असायची. चारही सफरअलीच्या चाकावरची, चारही भट्टीत तडकलेली, म्हणून घरात राहिलेली. मुलूक दर वर्षी थंडीच्या तोंडाला हौदाकडेची कर्दळ उपसायची आणि तिचे गड्डे त्या मडक्यांत कोरड्या वाळूत पुरून ठेवायची. शेवटचं हे काम तिने आबान महिन्यात केलं होतं, दुखण्यात, खुर्चीवर बसून. तो उपसून देत होता, ती माती झटकत होती. त्यानंतर महिन्याभरात ती गेली.

"सूनबाई!" त्याने खालूनच हाक मारली. "इथली मडकी कुठं हलवलीस?"

सुहेला पायऱ्यांच्या टोकाशी येऊन उभी राहिली. हातात हलव्याचा चमचा तसाच होता. "कुठली, बाबा? ती तडा गेलेली? ती तर परवा मंगळवारी फोडली."

"फोडली?"

"गच्चीवरून. पीडा जावी म्हणून."

त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. वर्षाच्या शेवटच्या मंगळवारी दिवस मावळताना जुनं मडकं घ्यायचं, त्यात मीठ आणि कोळसा टाकायचा, घरातल्या सगळ्यांनी ते डोक्याभोवती ओवाळायचं आणि गच्चीवरून गल्लीत टाकून द्यायचं. वर्षाची पीडा मडक्याबरोबर जाते. लालेजीन कुंभारांचं गाव, फुटक्या मडक्यांना तोटा नाही, त्यामुळे त्या संध्याकाळी गल्लीतून चालायची सोय नसते. सफरअलीने लहानपणापासून किती मडकी अशी टाकली असतील त्याची मोजदाद नव्हती. या मंगळवारी तो मुलूकच्या कबरीवर होता.

"आणि आतलं?" फिरोजेने विचारलं. "आतलं काय केलंस, वहिनी?"

"आत वाळू होती. मला वाटलं, मडकी कलंडू नयेत म्हणून भरली असेल."

"वाळूत गड्डे होते! आईची कर्दळ होती ती! शेहेचाळीस वर्षं सांभाळलेली!"

सुहेला खाली बसली. चमच्यातला हलवा पायरीवर सांडला तरी तिला कळलं नाही. ती आणि तिचा नवरा इबाद शेवयांच्या गल्लीतलं भाड्याचं घर सोडून इथे राहायला आले ते मुलूक गेल्यावर. मडक्यांत काय आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सफरअलीनेही नाही. तो नुसता रोज खाली येऊन बसायचा.

आरडाओरडा ऐकून इबाद आला. काळा शर्ट, इस्त्री केलेला. पाहुण्यांसाठी तो पहाटेपासून खोलीत गाद्या घालत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एक मोठा श्वास सोडला.

"फिरोजे, आवाज खाली. माणसं येतील आता. हिनं मुद्दाम केलं नाही."

"मुद्दाम केलं असं मी म्हटलं का?"

"म्हणायचं काय राहिलं? बघ, ती रडतेय." मग तो वडिलांकडे वळला. त्याचा आवाज बदलला, दुकानात गिऱ्हाइकाशी बोलताना असायचा तसा झाला. "बाबा, झालं ते झालं. तसंही आई नाही, त्या वाफ्याचं करणार कोण? मी आईच्या चाळिसाव्या दिवसानंतर बोलणारच होतो. हौदाच्या त्या बाजूला फरशी घालू, भिंतीला फळ्या मारू. ईदच्या दिवसांत एवढी बाहेरगावची माणसं येतात, ती आत येऊन माल बघतील. आईच्या नावानं करू."

"आईच्या नावानं फरशी!" फिरोजे म्हणाली. "फार मोठं मन आहे रे तुझं."

"तू कझवीनला बसून बोल. इथं रोजचं कोण बघतं?"

"तू बघतोस? तुला चार मडकी दिसली नाहीत!"

सफरअली त्या दोघांत पडला नाही. तो रिकाम्या कोपऱ्याकडे पाहत होता. मग एवढंच विचारलं, "गल्ली झाडली का कुणी?"

इबादला प्रश्न कळायला वेळ लागला. "झाडूवाला काल येऊन सगळं नानवाईच्या भिंतीला ढकलून गेला. आता सुट्या संपल्याशिवाय ढीग कोण उचलतंय?"

"माझी चाळण कुठंय?"

"कुठली चाळण?"

"मातीची. चाक सोडल्यावर तुझ्या दुकानात दिली होती ती."

"बाबा, आज ईद आहे. घरात पहिली ईद आहे."

"चाळण आण," सफरअली म्हणाला.

चाळण हाती आल्यावर तो अंगणातून निघाला तेव्हा ताज दारातून आत येत होती. शहाहत्तर वर्षांची, गुडघ्यांनी थकलेली, पण पाठ अजून सरळ. तिच्या काखेत कागदात बांधलेलं बोचकं होतं. त्यात राखाडी निळा शर्ट असणार हे त्याला न उघडता कळलं. पहिल्या ईदला घरातल्या मोठ्याने रंगीत कापड आणून सुतकातल्या माणसाचं काळं उतरवायचं असतं, आणि त्याच्याहून मोठं असं आता एकच माणूस उरलं होतं.

"ईद मुबारक म्हणत नाही," ताज म्हणाली. "देव धीर देवो. कुठं निघालास?"

"गल्लीत."

"माणसं इकडं यायला लागली आणि तू तिकडं? इबाद, काय चाललंय हे?"

इबादने सांगितलं. सांगता सांगता फरशीचंही सांगून टाकलं, आणि म्हणाला, "आत्या, तुम्हीच सांगा यांना."

ताजने बोचकं सफरअलीच्या छातीला लावलं. "हे घाल. गेलेल्या वस्तूमागं धावू नये. पोरगा बरोबर बोलतोय."

"आल्यावर घालतो," सफरअली म्हणाला आणि तिला वळसा घालून बाहेर पडला.

मंगळवारी पडलेलं बर्फ गल्लीत मध्येमध्ये काळं होऊन राहिलं होतं. नानवाईच्या भाकरीभट्टीच्या मागच्या भिंतीला कमरेएवढा ढीग होता. चाळीस घरांची मडकी, सुरया, झाकण्या, सगळ्यांची खापरं एकत्र. त्यात राख, मीठ, कोळसे, भिजलेली वाळू. सफरअली गुडघ्यांवर बसला. काळ्या पँटला लगेच ओल लागली.

परक्या माणसाला त्या ढिगात नुसती खापरं दिसली असती. त्याला घडवणारे हात दिसत होते. हे पातळ, ओठ बाहेर वळलेलं, कंबर कुंभाराच्या मुलांचं. हे जाड बुडाचं, यावर घाईने पाणी फिरवलेलं, हे नव्या यंत्राच्या चाकावरचं. एकेक खापर तो उचलायचा, ओठाखाली अंगठा फिरवायचा आणि बाजूला टाकायचा. ओठ ओढून झाल्यावर अंगठा किंचित आत दाबायची त्याची सवय होती. ती खूण त्याने कुणाला शिकवली नव्हती, पोरालाही नाही. ती आपोआप उमटायची.

चौथ्या की पाचव्या मिनिटाला ती खूण बोटाला लागली. मग आणखी एक. त्याची मडकी ढिगाच्या डाव्या अंगाला होती, भट्टीच्या भिंतीला अगदी टेकून. तिथली वाळू हाताला कोमट लागत होती. आत नानवाई पहाटेपासून भाकऱ्या लावत होता.

त्याने चाळण धरली आणि वाळू ओढायला सुरुवात केली.

पहिला गड्डा हाताला लागला तो नुसता चिखल होता. दाबला तर बोटांतून पाणी आलं. दुसरा तसाच. तिसरा वरून बरा, पण अंगठा लावताच आत गेला. त्याने ते तिन्ही उजवीकडे ठेवले आणि पुढचा घेतला.

"उस्ता, काय हरवलंय?" डोक्यावर आवाज आला. हाजी मुरव्वत होते, मशिदीचे मोठे, दोघांना बरोबर घेऊन घरी येत होते. हातात जपमाळ.

"कर्दळ."

"आम्हाला वाटलं, कवळी पडली."

"कवळी असती तर सोडून दिली असती."

हाजी हसले, मग सुतकाचं घर आहे हे आठवून सावरले. म्हणाले, "आत बसतो आम्ही. तुम्ही या." आणि जाताना बरोबरच्यांना हळूच काहीतरी म्हणाले. ते सफरअलीला ऐकू आलं नाही, पण काय असेल ते कळलं. म्हातारा बायकोच्या मागे डोक्यातून गेला.

आणखी माणसं आली. कुणी थांबून सलाम करायचं, कुणी नजर चुकवून आत जायचं. इबाद दोनदा बाहेर आला. दुसऱ्यांदा त्याच्या मानेवर लाल चट्टे उठले होते.

"बाबा, पाया पडतो. वीस माणसं बसलीत. फातिहा म्हणायला घरधनी नको का?"

"तू मुलगा आहेस. तू बस."

"लोक काय म्हणतील?"

"तुला ऐकू येतंय ना? मग मला सांगू नकोस."

इबाद गेला. सफरअली पुढची वाळू चाळणीत ओढत राहिला. उजवीकडचा ढीग वाढत होता, डावीकडे काहीच नव्हतं.

मग कुणीतरी शेजारी बसलं. सुहेला होती. अंगावरची चादर कमरेला खोचलेली, हातात परात. ती वाळू उकरायला लागली. नखं पटकन काळी झाली.

"आत जा," तो म्हणाला. "थंडी आहे."

"हलवा फिरोजेताई देतायत. चहा शेजारच्यांना सांगितलाय." थोडा वेळ तिने काम केलं. मग मान वर न करता म्हणाली, "बाबा, मी एकटीनं ठरवलं नव्हतं."

त्याने तिच्याकडे पाहिलं.

"मी एक जुनी सुरई काढली होती. आत्या आल्या होत्या. म्हणाल्या, या घरावरून जे वर्ष गेलं त्याला एका सुरईनं काय होणार? तळघरातली ती चारही टाक. मी म्हटलं, जड आहेत, वाळू आहे. तर म्हणाल्या, रिकामी करू नकोस, जड असली की पीडा जास्त घेऊन जातात. मी एकेक करून वर नेली. आत्या अंगणात उभ्या होत्या." तिने नाक मनगटाने पुसलं. "मला पण टाकायचंच होतं, बाबा. सासूबाई गेल्या, मेहेर महिन्यात यांचा भट्टीतला सगळा माल तडकला. आणि बहमनच्या थंडीत माझं... दोन महिने झाले होते. राहिलं नाही. तुम्हाला कुणी सांगितलं नाही."

बहमनमध्ये सून दोन दिवस अंथरुणावर होती, एवढं सफरअलीला आठवत होतं. सर्दी आहे असं इबाद म्हणाला होता, आणि तो तळघरात जाऊन बसला होता.

त्याने परात तिच्याकडून घेतली, तिच्या गुडघ्याखाली चाळणीभोवती गुंडाळून आलेल्या गोणपाटाची घडी सरकवली. "यावर बस. ओल लागेल."

तिने ऐकलं.

भिंतीच्या अगदी बुडाशी एका मडक्याचा तळ अखंड राहिला होता, वाळू आत घट्ट बसलेली. सफरअलीने ती बोटांनी मोकळी केली. आत हात घातला आणि थांबला. गड्डा वाळूसारखाच कोमट होता आणि अंगठ्याला दाबला गेला नाही. चाकावरून उतरवलेलं भांडं एक रात्र सावलीत राहिलं की जसं लागतं तसा लागला. आतून ओला, वरून चामड्यासारखा घट्ट. साठ वर्षं तो अंगठा हे एकच ओळखत आला होता.

"हा," तो म्हणाला.

डावीकडे पहिला गड्डा पडला.

सगळी वाळू चाळून झाली तेव्हा उजवीकडे पन्नासच्या वर होते. डावीकडे अकरा.

फिरोजे सुरी घेऊन बाहेर आली. "आई कापून बघायची. आत पांढरा असला तर जिवंत. तपकिरी असला तर गेला." तिने एकेकाचं टोक छाटलं. चार आतून तपकिरी निघाले. ते तिने हातातच धरून ठेवले. तिच्याच्याने टाकवत नव्हते, म्हणून सुहेलाने हात पुढे केला आणि उजवीकडे टाकले. फिरोजेने परात आपल्या बाजूने धरली.

सात राहिले.

"एवढं कापून झाल्यावर पुढं काय करायची आई?" सफरअलीने विचारलं.

फिरोजे आठवत राहिली. "राख लावायची. चुलीची, का कोळशाची, ते माहीत नाही. मग वाळवायची. किती दिवस, ते मी कधी बघितलंच नाही, बाबा. मी असायचे शाळेत."

तेवढ्यात ताज दारात आली. फातिहा होऊन गेला होता, आतून पेल्यांचा आवाज येत होता. तिच्या मागे इबाद होता.

"पुरे झालं," ताज म्हणाली. "गावाला तमाशा दाखवून झाला असेल तर आत ये."

"ताई," सफरअली उठला नाही. "मडक्यांत काय आहे हे तुला माहीत होतं."

फिरोजेने चमकून पाहिलं. सुहेला खाली बघत राहिली. ताजने नकार दिला नाही. काठी भिंतीला टेकवली.

"माहीत होतं. मला नसेल तर कुणाला असेल?"

"आत्या!" फिरोजे म्हणाली. "तुम्ही मघाशी एवढं ऐकून घेतलंत, वहिनीला बोलणी खाऊ दिलीत..."

"तू थांब, पोरी. हा माझा आणि माझ्या भावाचा विषय आहे." ती सफरअलीकडे वळली. "रोज त्या तळघरात जाऊन बसतोस. जेवायला हाक मारली तर वर येतोस, नाहीतर येत नाहीस. चाळिसावा झाला, काळं उतरवलं नाहीस. गेल्या आठवड्यात मी पायऱ्यांवर उभी होते, तू मडक्याशी बोलत होतास. काय करायला पाहिजे होतं मी? तुलाही तिच्या शेजारी पुरू द्यायचं? म्हटलं, कबर एक पुरे. दुसरी घरात नको."

"आणि मला म्हणालीस, पायऱ्यांवर बर्फ आहे."

"होतंच बर्फ. मीच धुवायला लावल्या होत्या."

इबाद मध्ये पडला. "आत्यांनी तुमच्या भल्यासाठीच केलं, बाबा. मी पण तेच म्हणतोय, हे सगळं मागं टाकलं तर..."

"तू फरशीसाठी म्हणतोयस," सुहेला म्हणाली.

लग्नाला सहा वर्षं झाली होती, चारचौघांत तिने नवऱ्याला तोडून बोलायची ही पहिली वेळ.

ताजने तिच्याकडे पाहिलं, मग परातीतल्या सात गड्ड्यांकडे. तिचा आवाज खाली आला. "सगळे म्हणतात मुलूकची कर्दळ, मुलूकची कर्दळ. ती समुद्राकडच्या फूमनहून आली तेव्हा पदरात दोन गड्डे घेऊन आली. आम्ही हसलो. माशाची डोकी खाणाऱ्यांच्या गावची पोर हळद घेऊन आली म्हणालो. तिच्या गावात कर्दळ बारा महिने जमिनीतच राहते. ती इथंही तशीच ठेवून बसली होती, अलवंद डोंगराची थंडी माहीत नसताना. तो पहिला हिवाळा. मी आले, म्हटलं, वेडे, हे उपसून काढ, नाहीतर सकाळी दगड होतील. मडक्यात वाळू भर, आपण बीट ठेवतो तसं ठेव. मडकं मी दिलं होतं. मी. हे तुला तिनं सांगितलं नसेल."

सांगितलं नव्हतं. शेहेचाळीस वर्षांत एकदाही नाही.

"मग तुझंच होतं की," सफरअली म्हणाला. "आपलंच टाकवलं कसं तुझ्याच्यानं?"

ताजने परातीवरची नजर काढून घेतली.

तो उठला. गुडघे वाजले. फिरोजेने हात दिला तो त्याने घेतला. "ताई, ऐक. तिला मी माझ्या हातानं खाली ठेवलंय. ती कुठं आहे ते मला माहीत आहे, रोज जाऊन येतो. मडक्यांत मी तिला शोधत नव्हतो. ती म्हणाली होती, या वर्षी तू लाव. मी म्हटलं, मला येत नाही. म्हणाली, शिकशील. मी तिथं बसून आठवत होतो, तिनं काय काय सांगितलं ते. डोळा वर ठेवायचा का आडवा, माती चार बोटं का सहा. मोठ्यानं म्हणत होतो, विसरू नये म्हणून. लिहायला मला येत नाही, तुला माहीत आहे. ते बोलणं नव्हतं. काम होतं."

नानवाईच्या खिडकीतून कुणीतरी भाकऱ्या मागत होतं.

"शर्ट घालशील?" शेवटी ताजने विचारलं.

"नाही. अजून नाही."

ताजने काठी उचलली. बोचकं तिने दारातल्या दगडावर ठेवलं आणि गल्लीतून आपल्या घराकडे निघाली. एका खापरावर पाय पडून ती अडखळली. इबाद धावला, तिने त्याचा हात झटकला.

सफरअली आत गेला, हात धुतले, पाहुण्यांत बसला. लोकांनी त्याच्या ओल्या गुडघ्यांकडे पाहिलं नाही असं दाखवलं. हाजी मुरव्वतनी पुन्हा एकदा फातिहा म्हटला, घरधन्यासाठी. खजूर फिरला, हलवा फिरला. दुपारपर्यंत माणसं येत आणि जात राहिली, आणि प्रत्येकाला तो उठून दारापर्यंत पोचवून आला.

शेवटचा पाहुणा गेल्यावर त्याने कोट काढला आणि कुदळ घेतली.

हौदाकडेचा वाफा गेल्या आबानपासून तसाच पडला होता. वरचा थर अजून कडक होता, पण एक वीत खाली माती मऊ लागत होती. सुहेला दगड वेचत होती. फिरोजे सातही गड्डे एका कोरड्या परातीत एकमेकांना लागू न देता मांडत होती, डोळे मोजत. काहींना दोन होते, एकाला तीन.

इबाद ओसरीवर उभा राहून बघत होता.

"बाबा, लावायला उर्दीबेहेश्त महिना लागायला पाहिजे. अजून महिनाभर तरी गोठणार. आत्तापासून खणून काय होणार?"

"इथं फरशी पडणार नाही, एवढं होईल."

"सात गड्ड्यांना एवढा मोठा वाफा?"

"सातच राहणार नाहीत." सफरअली थांबला, कुदळीच्या दांड्यावर हात ठेवून उभा राहिला. "तुझी आई दोन घेऊन आली होती. या वर्षी सात, पुढच्या वर्षी पंचवीस. तोवर मी असेन तर मी उपसेन. नसेन तर तुझी बायको उपसेल, तिला मी दाखवून ठेवणार आहे. तुला शिकायचं असेल तर तूही ये. फळ्या दुकानात मार."

इबादने बायकोकडे पाहिलं. तिने एक दगड उचलून टोपलीत टाकला आणि पुढचा घेतला. तो आत गेला. पेले गोळा केल्याचा आवाज आला. बाहेर काही तो आला नाही.

ऊन हौदावरून भिंतीवर चढलं. फिरोजेने परात ओसरीखाली नेली आणि तिथूनच विचारलं, "राखेचं काय करायचं, बाबा? छाटलेली तोंडं उघडी राहिली तर सडतील. आज नाहीतर उद्या लावायला हवी. कुठली लावायची, मग किती दिवस वाळवायचे, हे कुणाला विचारू?"

कुणाला विचारायचं ते तिघांनाही ठाऊक होतं. गावात ते एकच माणूस सांगू शकत होतं. आणि नवरोजच्या पहिल्या दिवशी धाकट्याने थोरल्याच्या घरी जायचं असतं. तो दर नवरोजला दुपारच्या आत ताजच्या दारात जात आला होता.

"बघतो," सफरअली म्हणाला आणि कुदळ पुन्हा उचलली.

दिवस कलला तेव्हा वाफ्याची एक बाजू खणून झाली होती. दुसरी राहिली होती. गड्ड्यांना राख लावायची राहिली होती. ताजच्या घरी तो अजून गेला नव्हता.